प्रश्नाचा नको, वहीचा फोटो पाठव

गेल्या अंकात विचारलं होतं, ‘मुलांच्या गृहपाठाला फोनवरून मदत करता का, आणि कशी?’ आलेल्या पत्रांत आया आहेत, आजोबा आहेत, कॉलेज करता करता शिकवणारी मुलं आहेत, एक विद्यार्थीही आहे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर संध्याकाळी फोनवरच मुलांच्या शंका घेते. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत.

मी बँकेतून निवृत्त झालो. गल्लीतल्या दहावीच्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. मुलं रात्री उदाहरणाचा फोटो पाठवायची, मी कागदावर पूर्ण सोडवून फोटो परत पाठवायचो. सगळे खूश होते. पण घटक चाचणीत त्याच धर्तीचं उदाहरण मुलं कोरं सोडून आली. तेव्हापासून मी उत्तर न देता उलट प्रश्न विचारायला लागलो, तर निम्मी मुलं गप्पच झाली. एका आईने फोन करून विचारलं, ‘काका, सांगायचं नसेल तर ग्रुप कशाला केलात?’ काय करू?
– एक काका, मिरज

काका, ग्रुप बंद करू नका, आणि त्या आईचा रागही धरू नका. तिच्या लेखी गृहपाठ म्हणजे उद्या सकाळी बाईंना दाखवायची वही. ती पूर्ण झाली की काम झालं. तुम्ही पद्धत मध्येच बदललीत, पण का बदललीत हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. पालकांना एकदा चहाला बोलवा, चाचणीचे पेपर आणि तुमच्या मदतीने लिहिलेल्या वह्या शेजारी शेजारी ठेवा. वहीत सगळं बरोबर आणि पेपरात कोरी जागा, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की फार बोलावं लागत नाही.

मुलं गप्प का झाली, हा जास्त महत्त्वाचा भाग. ‘विचार कर’, ‘आठव बघू’, ‘सूत्र कोणतं लागेल?’ असे प्रश्न अडलेल्या मुलाच्या काही कामाचे नसतात. ते आधीच विचार करून दमलेलं असतं. त्याला वाटतं, काकांना येतं, पण ते मुद्दाम अडवून धरतायत. प्रश्न उपयोगी पडायचा असेल तर तो मूल जिथे अडलंय तिथलाच हवा. आणि मूल कुठे अडलंय हे पुस्तकातल्या उदाहरणाच्या फोटोवरून कधीच कळत नाही.

म्हणून माझी मुलांना एकच अट असते: पुस्तकाचा फोटो नको, वहीचा पाठव. चुकलेलं चालेल, काट मारलेलं चालेल, एकच ओळ असली तरी चालेल. खोडरबर मात्र लावायचा नाही.

एका मुलीचं उदाहरण सांगते. दोन अंकी संख्या आणि तिच्या अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज १२१. एककस्थानचा अंक दशकस्थानच्या अंकापेक्षा ३ ने मोठा. तर मूळ संख्या कोणती? तिने दशकस्थानचा अंक क्ष मानला, एककस्थानचा य. वहीत य − क्ष = ३ हे समीकरण अगदी बरोबर होतं. दुसरं असं:

क्ष + य + य + क्ष = १२१
२क्ष + २य = १२१

आणि खाली, ‘पुढे येत नाही’.

मी तिला लिहिलं, “पहिलं समीकरण बरोबर आहे. आता जरा ५८ ही संख्या घे. तिच्यात अंक कोणते?”

“५ आणि ८.”

“त्यांच्यापासून ५८ कशी तयार होते?”

थोड्या वेळाने उत्तर आलं, “५ + ८. पण ते १३ होतात.”

“मग ५ चं काय करायला हवं?”

“५ दशक आहेत. ५० + ८.”

“आता ५८ च्या जागी तुझे क्ष आणि य घे.”

यावर उत्तर आलं नाही, थेट वहीचा फोटो आला. १०क्ष + य + १०य + क्ष = १२१. त्याखाली ११ ने भागून क्ष + य = ११, आणि शेवटी ४७. त्याच्याही खाली, मी न सांगता, ताळा: ४७ + ७४ = १२१.

या मुलीला स्थानिक किंमत प्राथमिक शाळेपासून येत होती. दोन समीकरणं सोडवताही येत होती. अक्षरं आली की ‘दशक’ विसरलं जात होतं, एवढंच नडत होतं. मी पूर्ण सोडवलेला कागद पाठवला असता तर त्यातला १०क्ष तिने उतरवून घेतला असता आणि तो १० कुठून आला ते पुढच्या वेळीही कळलं नसतं. ५८ ही संख्या मी मुद्दाम घेतली, कारण ती या उदाहरणाचं उत्तर नाही. आणखी एक वाट होती. २क्ष + २य ही सम संख्या, १२१ विषम, म्हणजे हे समीकरण खरं असणंच शक्य नाही, असं दाखवता आलं असतं. त्याने चूक आहे हे कळलं असतं. का झाली ते कळलं नसतं. म्हणून ती वाट मी घेतली नाही.

वही अगदीच कोरी असेल आणि मूल ‘काहीच समजलं नाही’ म्हणत असेल, तर मी त्याला उदाहरण मोठ्याने वाचून व्हॉइस मेसेज पाठवायला सांगते. ‘पेक्षा ३ ने मोठा’ हे शब्द मूल घाईत गिळून टाकतं की ‘अदलाबदल’पाशी थांबतं, हे कानाला लगेच कळतं. मग शाळेतला जुनाच प्रश्न: दिलंय काय आणि काढायचंय काय? या दोन ओळी लिहून झाल्या की बऱ्याच मुलांना तिसरी आपोआप सुचते.

तुमच्या ग्रुपसाठी दोन व्यवहारी गोष्टी. रात्री दहाला उदाहरणं घेऊ नका. त्या वेळी मुलाला फक्त झोपायचं असतं आणि तुम्हालाही कागद पाठवून मोकळं व्हावंसं वाटतं. साडेसहा ते साडेसात अशी वेळ ठरवा. आणि एखाद्याच्या वहीतली चुकलेली ओळ दुसऱ्या मुलाने ओळखली, तर तुम्ही गप्प राहा आणि त्याला बोलू द्या. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, म्हणून अर्धवट सोडवलेल्या उदाहरणालाही किंमत आहे, हेही त्यांना सांगा. कोरी जागा सोडून येणाऱ्या मुलांना कित्येकदा हे माहीतच नसतं.

माझा मुलगा नववीत आहे. गणिताचा फोटो काढून एआयच्या ॲपला देतो, समोर आलेलं सुंदर अक्षरात वहीत उतरवतो. शाळेतून ‘छान’ असा शेरा येतो. मला स्वतःला नववीचं गणित येत नाही. फोन काढून घेऊ का?
– एक आई, नाशिक

तुमच्या शंकेला उत्तर देणारा एक प्रयोग झालेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेतल्या जवळजवळ हजार मुलांवर तो केला. निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. गणिताच्या सरावाला काही मुलांना नेहमीसारखा, विचाराल ते सांगणारा एआय दिला. काहींना असा दिला की तो उत्तर सांगणार नाही, फक्त पुढचा इशारा देईल. त्याला शिक्षकांनी मुलांच्या नेहमीच्या चुकाही आधी सांगून ठेवल्या होत्या. उरलेल्यांना फक्त पुस्तक आणि वही. सराव करताना पहिल्या गटाचे गुण वहीवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त होते, दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. उत्तरं आयती मिळालेली मुलं वहीवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशाऱ्यांवर सराव केलेली मुलं मागे पडली नाहीत. पण पुढे गेली असंही दिसलं नाही.

हे शेवटचं वाक्य जाहिराती करणारे सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम लिहिलं. इशारे देणारा एआय मुलाचं नुकसान टाळतो, एवढंच या प्रयोगावरून म्हणता येतं.

फोन काढून घेऊन प्रश्न सुटणार नाही. मित्राच्या फोनवर तेच ॲप आहे. त्यापेक्षा विचारण्याची रीत बदलायला लावा. उदाहरण आधी वहीत करून बघायचं. अडलं की त्या पानाचा फोटो काढायचा आणि मराठीतच लिहायचं, ‘उत्तर सांगू नकोस, पुढची ओळ लिहू नकोस. माझी पहिली चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग.’ उदाहरण सुटलं की फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि आकडे बदलून तेच उदाहरण कोऱ्या पानावर पुन्हा करायचं. या दुसऱ्या पानावर तुमचं लक्ष हवं. शेरा मिळालेलं पहिलं पान बाजूला राहू द्या.

उत्तर दिसलं म्हणून मूल बिघडत नाही. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरसूची असतेच, आणि तिच्याशी ताडून बघण्यात काही गैर नाही. एआयने दिलेलं उत्तरही तिच्याशीच ताडायला लावा, कारण तो चुकतो तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतो. मूल बिघडतं ते मधल्या ओळी आयत्या मिळाल्या की.

आणि तुम्हाला नववीचं गणित येत नाही, हे इथे उलट उपयोगी आहे. शेजारी बसा आणि विचारा, “ही तिसरी ओळ दुसरीतून कशी आली, मला समजाव.” ज्याने स्वतः सोडवलंय तो समजावतो. ज्याने उतरवलंय तो चिडतो. तो चिडला तर ओरडू नका, त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करा आणि शाळेत विचारायला सांगा.

मी कॉलेजात आहे आणि एका संस्थेतर्फे गावाकडच्या मुलांना व्हिडिओ कॉलवर अभ्यासात मदत करते. उत्तर द्यायचं नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलंय. परवा एका सहावीच्या मुलीला मी प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिले आणि ती रडायलाच लागली. किती इशारा द्यायचा आणि कुठे सांगून टाकायचं?
– रत्नागिरी

तू हा प्रश्न विचारलास याचा मला फार आनंद झाला, कारण प्रशिक्षण देणारे इथेच थांबतात.

काही गोष्टी सरळ सांगून टाकायच्या असतात. त्रिज्या कशाला म्हणतात, घनफळाचं एकक काय, ‘लसावि’ ही तीन अक्षरं कशाची, एखाद्या शब्दाची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ. हे विचार करून कोणालाही सापडत नाही. ते माणसांनी ठरवलेलं असतं. मुलाने ते ओळखावं म्हणून ताटकळत ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जे तर्काने निघू शकतं तेवढ्यासाठीच त्याला वेळ द्यायचा.

आणि जे मूल तो धडा पहिल्यांदाच बघतंय, त्याला आधी सोडवून दाखव. यात कमीपणा काही नाही. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी बीजगणिताच्या बाबतीत हेच दाखवलं: नवशिक्यांना सगळी उदाहरणं स्वतःच सोडवायला लावण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, तर ती कमी वेळात शिकतात. फक्त तू सोडवायचं ते त्याचं उदाहरण नव्हे. त्याला आयताचं क्षेत्रफळ काढायचं असेल तर तू वेगळ्या मापांचा आयत घे, प्रत्येक ओळ का लिहिली ते बोलत बोलत पूर्ण कर आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरून ठेव. मग त्याचं ते करेल.

किती इशारा, याला डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून एक साधी रीत मिळते. १९७६ च्या त्यांच्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती आणि एक शिक्षिका मदत करत होती. मूल फसलं की मदत एक पायरी वाढवायची, जमलं की लगेच एक पायरी मागे घ्यायची. मी हे फोनवर असं करते: आधी “या ओळीकडे परत बघ.” तेवढ्याने नाही जमलं तर “या ओळीतल्या चिन्हाकडे बघ.” तरीही नाही तर “कंसाबाहेर उणे आहे, कंस सोडवताना आतल्या चिन्हांचं काय होतं?” तिथेही अडलं तर मी ती ओळ लिहून देते आणि त्याच्या खालची त्याला करायला सांगते. तीन इशाऱ्यांनंतरही मूल जागचं हललं नाही, तर माझे इशारे चुकीच्या जागी पडतायत असं मी धरते. चौथा प्रश्न विचारत नाही.

त्या मुलीला पुढच्या कॉलला एखादं तिला नक्की येणारं उदाहरण आधी दे.

नातू टोरांटोला असतो, सहावीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्याचं गणित घेतो. १/२ + १/३ = २/५ असं लिहितो. समच्छेद करायला शिकवलं, त्या दिवशी जमलं, पुढच्या रविवारी परत २/५.
– एक आजोबा, सांगली

आजोबा, समच्छेद थोडा बाजूला ठेवा. दोघांनीही ३० सेंटिमीटरची कागदाची पट्टी कापा, एक सांगलीत आणि एक टोरांटोत. अर्धी किती? १५. तिचा तिसरा भाग? १०. ते त्याला मोजून रंगवू द्या. मग विचारा, “आणि पट्टीचा २/५ भाग किती?” तो १२ सेंटिमीटर काढेल. पुढे काही बोलू नका. १५ मध्ये १० मिळवून १२ झाले, हे त्याच्या समोर पट्टीवर असेल आणि ते त्याला स्वस्थ बसू देणार नाही. रंगवलेला सगळा भाग २५ सेंटिमीटर आहे, म्हणजे तीसपैकी पंचवीस, हे त्याच्या तोंडून आलं की मग समच्छेद शिकवा. त्या वेळी तो कशासाठी करायचा ते त्याला कळलेलं असेल. आणि अंश-छेद म्हणताना शाळेत तो न्यूमरेटर-डिनॉमिनेटर ऐकतो, हे लक्षात असू द्या. दोन्ही शब्द बरोबरीने वापरा.

मी आठवीला मराठी शिकवते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधासाठी मुली मला मेसेज करतात, ‘बाई, मुद्दे पाठवा.’ मुद्दे पाठवले की सगळ्यांचे निबंध सारखेच येतात. नाही पाठवले तर इंटरनेटवरून उतरवतात.
– एक शिक्षिका, वाई

मुद्द्यांऐवजी प्रत्येकीला वेगळा प्रश्न पाठवा, आणि तो तिच्या घरचा असू द्या. “तुमच्या घरात पाणी कुठे गळतं आणि तिथे काय ठेवता?” “काल घरी येताना चपला पायात होत्या की हातात?” “गणवेश वाळला नाही तर आई काय करते?” चार ओळींत उत्तर मागवा. उत्तर आलं की त्यातल्या एका गोष्टीवर पुढचा प्रश्न. एक मुलगी लिहील की इस्त्रीने वाळवते आणि कॉलरला करपट वास येतो. तिला सांगा, निबंध इथून सुरू कर. ‘आकाशात काळे ढग दाटून आले होते’ हे वाक्य चुकीचं नाही, पण ते इंटरनेटवर सापडतं. करपलेली कॉलर सापडत नाही. शुद्धलेखन मात्र सरळ दुरुस्त करून द्या, त्यात इशारे नकोत.

मी नववीत आहे. ६ ओहम आणि ३ ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर परिणामी रोध किती, असं उदाहरण होतं. माझं उत्तर ०.५ आलं, खरं उत्तर २ आहे. चाचणीच्या आदल्या रात्री क्लासच्या ताईंना ग्रुपवर विचारलं तर त्यांनी ‘शेवटची ओळ परत बघ’ एवढंच लिहिलं. मला खूप राग आला. चाचणीत पण तेच चुकलं. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?
– एक विद्यार्थी, लातूर

तुझा राग मला समजतो. आदल्या रात्री घालमेल होत असताना अशी एक ओळ आली की एकटं पडल्यासारखं वाटतं. पण ताईंनी दाखवलेली जागा बरोबर होती. तेवढ्याने कळलं नाही तर गप्प बसू नकोस. ‘शेवटची ओळ बघितली, त्यात काय शोधायचं ते कळत नाही,’ असं स्पष्ट लिही. जास्त मोठा इशारा मागणं हा तुझा हक्क आहे. असं लिहिलंस तर त्यांना तू नेमका कुठे आहेस ते कळेल. नुसतं ‘सांगा ना ताई’ लिहिलंस तर नाही कळणार.

आता तुझं उदाहरण. तुझं सूत्र पाठ आहे आणि १/६ + १/३ = १/२ ही बेरीजही बरोबर आहे. सूत्र घटकाभर बाजूला ठेव. या दोन रोधांना ६ व्होल्टची बॅटरी जोडली आहे असं समज. समांतर जोडणीत दोघांनाही पूर्ण ६ व्होल्ट मिळतात. ६ ओहमच्या रोधातून १ अँपिअर धारा जाईल, हे मी सांगते. ३ ओहमच्या रोधातून किती, ते तू काढ. दोन्हींची बेरीज म्हणजे बॅटरीतून निघणारी एकूण धारा. मग ६ व्होल्टला तेवढी धारा वाहू देणारा एकच रोध किती ओहमचा असेल, ते ओहमच्या नियमाने काढ आणि बघ ०.५ येतो का.

ते झालं की तुझ्या वहीतली १/२ आलेली ओळ उघड, आणि बरोबरच्या चिन्हाच्या डाव्या बाजूला तू काय लिहिलं आहेस ते मोठ्याने वाच.